चौतीस फॉर्म

रुतिका म्हात्रेला राग आला की तिची वाचाच बसायची. फक्त कान लाल व्हायचे. त्या दिवशी खारघरच्या कॉलेजात, तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक अक्षता मॅडमच्या केबिनमध्ये, ते नुसते पेटले होते.

"हे चौतीस फॉर्म काढून टाक," स्क्रीनवरची नजर न हलवता मॅडम म्हणाल्या. "वरपासून खालपर्यंत प्रत्येक प्रश्नाला तीन. नुसतं मधलं उत्तर. असलं अडाणी सॅम्पल घेतलंस तर दुसरं काय होणार? हे काढ, मग बघ रिझल्ट सिग्निफिकंट येतो की नाही."

अडाणी! त्या चौतिसांत शेजारची मैना आजी होती. पोटापाशी धरून रुतिकाला पोहायला शिकवणारी सख्खी आत्याही होती.

रुतिका घणसोली गावातली. वय एकोणतीस. ऐरोलीत बॅक-ऑफिसची नोकरी, ती सांभाळून मानसशास्त्राचं एमए. दहावीला गणितात ती काठावर पास झालेली. एमएला संख्याशास्त्राचा अख्खा पेपर आहे हे कळल्यावर ती प्रवेश रद्द करायला निघाली होती. पण पोरगी हट्टी. ऑफिसात डबा खाताना शेजारी वही उघडी ठेवून तिने सरासरी, विचलन, सहसंबंध असं एकेक प्रकरण डोक्यात घुसवलं. वर्गातली निम्मी मुलं घरी बसून स्वतःच फॉर्म भरत होती, तेव्हा ती गावठाणात दारोदार फिरून एकशे वीस म्हाताऱ्या बायकांना भेटली. त्यांचा एकटेपणा आणि त्यांची झोप यांचा काही संबंध आहे का, हा तिचा विषय. एक म्हणजे 'कधीच नाही', पाच म्हणजे 'नेहमी'.

"मॅडम, त्यांनी असं का केलं ते तरी बघू या ना," ती कशीबशी म्हणाली.

"ते बघायला तुझ्याकडे वेळ आहे? पुढच्या महिन्यात सबमिशन आहे."

ती उठली. दार आपटायचा मोह तिने आवरला.

रविवारी सकाळी ती मैना आजीच्या पडवीत जाऊन उभी राहिली आणि सरळ विचारलं, "आजी, सगल्या प्रश्नांना तीनच का लिवायला लावलंस?"

आजीने आधी मागे वळून पाहिलं. सून बाजारात गेलेली होती.

"तवा ती बाजूला बसली होती ना! तिच्या म्होरं मी काय सांगू, माज्याशी कोनी बोलत नाय? रातचं जेवन मना कोन देनार मंग?" आजीचा आवाज चढला. "तू शिकलेली ना? तुला येवडं कलत नाय?"

ते रुतिकाला लागलं. आता राग मॅडमवरून स्वतःवर वळला. घरातली माणसं बाजूला बसवून आपण बाईला विचारतो, तुम्हाला एकटं वाटतं का!

घरी येऊन तिने फॉर्मचा गठ्ठा पसरला. प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात तिने सवयीने एक नोंद केली होती: विचारताना जवळ कोण होतं. ती मोजत सुटली. बहात्तर जणींजवळ घरचं कोणीतरी बसलेलं. त्यातल्या एकतीस जणींनी मधलंच उत्तर दिलेलं. अठ्ठेचाळीस जणी एकट्या भेटलेल्या. त्यांत तसं करणाऱ्या फक्त तीन. तिने चौकट आखली, फरक योगायोगाचा आहे का हे सांगणारा काय-स्क्वेअर काढला, कुठे चुकलं तर नाही ना म्हणून पुन्हा काढला. हा योगायोग नव्हता. ज्या विषयाने तिला दहावीत रडवलं होतं, तोच आज तिच्या बाजूने उभा राहिला होता.

पुढच्या दोन आठवड्यांत चौतिसांपैकी बावीस जणी तिने पुन्हा गाठल्या, देवळाच्या ओट्यावर, एकेकीला बाजूला घेऊन. 'सहवासाची उणीव' हे पुस्तकी शब्द टाकून तिने विचारलं, "जेवताना संगतीला कोनी नाय, असं होतं का?" आता चार आणि पाच पडू लागले. एक तर उत्तर देता देता पदर तोंडाशी धरून बसली.

मॅडम भडकल्या. "डेटा असा मागाहून बदलता येत नाही!"

"बदलला नाही, मॅडम. पहिला आहे तसाच ठेवलाय. नवीन उत्तरांचं हे वेगळं प्रकरण आहे."

"ते काढ."

"नाही काढणार."

हे शब्द तोंडातून गेल्यावर तिलाच धक्का बसला. प्रबंधावर मॅडमनी सही केली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक, नामदेव सर, ते प्रकरण बराच वेळ चाळत बसले. "तू जागाही बदललीस आणि भाषाही. मग फरक कशामुळे पडला?"

"सांगता येणार नाही, सर. दोन्ही एकदम बदलायला नको होतं. चूक माझी आहे."

सरांनी मान हलवली. खूश होऊन की नाराज होऊन, ते कळलं नाही. ग्रेड बी आला. घरबसल्या फॉर्म भरणाऱ्या एका मुलीला ए प्लस मिळाला. तिचे आकडे इतके गुळगुळीत होते की ते बनावट आहेत हे रुतिकाने एका नजरेत ओळखलं, पण तिला विचारतंय कोण!

दोन महिन्यांनी ऑफिसात असताना मॅडमचा फोन आला. आवाजात साखर. "रुतिका, ते उत्तरं टाळण्याचं प्रकरण फार इंटरेस्टिंग आहे गं. एका कॉन्फरन्समध्ये मी पेपर वाचतेय. डेटा फाइल पाठवशील? आभारात तुझं नाव टाकते."

"आभारात?"

"हो ना."

"मॅडम, त्या बायकांना तुम्ही अडाणी म्हणाला होता."

"अगं, ते बोलण्याच्या ओघात..."

"फाइल मिळणार नाही. पेपर मीच लिहितेय."

तिने फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या मितालीने विचारलं, "कोण होतं गं?"

"कॉलेजच्या मॅडम," ती म्हणाली आणि पाणी प्यायला उठली.

पेपर तिने एका नियतकालिकाकडे पाठवला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मधल्या काळात तिने आणखी साठ बायकांची यादी केली आहे. या वेळी निम्म्या जणींसाठी फक्त जागा बदलायची आणि निम्म्या जणींसाठी फक्त भाषा, असं ठरवलंय. मॅडमचं नाव निघालं की मात्र तिचे कान अजून लाल होतात.