विभूती लावलेला बोल्ट

परभणीत जिंतूर रोडला शिवमूर्ती मिस्त्रीचं गॅरेज आहे. इंजिनाला तो हात लावत नाही, पण स्टेरिंग दुरुस्त करावं तर त्यानंच, असं लांबलांबचे ड्रायव्हर सांगतील. माणूस मुलखाचा काळजीखोर. कुलूप लावून ओढून बघतो, गल्लीच्या टोकापासून परत येऊन पुन्हा ओढतो. बायको मल्लम्मा त्याला हसते. पण स्टेरिंगवाल्यानं काळजी करायची नाही तर कुणी करायची?

त्याची एक रीत होती. बोल्ट पक्का आवळला की त्यावर विभूतीचं बोट टेकवायचं. लोकांना ती भक्ती वाटे. भक्ती होतीच, पण ती खूणही होती, की हा बोल्ट झाला. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, मल्लम्मालाही नाही.

झरीच्या चंद्रभानची जुनी कॉन्टेसा त्याच्याकडे आली होती. चंद्रभानच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली, लांब नाकाची, राजेशाही थाटाची गाडी. गोठ्याशेजारी उभी राहून राहून तिच्या स्टेरिंगची दांडी पार गंजली होती. शिवमूर्तीनं ती खोलली, घासली, बेअरिंगं बदलली, परत बसवली. दांडीच्या खालच्या जोडाचा शेवटचा बोल्ट हातानं फिरवून लावला आणि पाना घेणार, एवढ्यात गॅरेजमागच्या घरातून हाक आली. दारी जंगम, लिंगायतांचे गुरू, आले होते. त्यांना ताटकळत ठेवणं त्या घरात कधी घडलं नव्हतं. शिवमूर्ती हात धुऊन धावला.

जंगमांचं जेवण उरकेपर्यंत चंद्रभान आई पार्वतीबाईला घेऊन गाडी न्यायला हजर. शिवमूर्तीनं वाकून बॅटरी मारली. सगळ्या बोल्टांवर विभूती होती. आवळलाच की आपण, असं म्हणून त्यानं किल्ली दिली. जन्मात एकदा हा माणूस निर्धास्त झाला, तोही नेमका त्या दिवशी.

गाडी गेल्यावर मल्लम्मा म्हणाली, "अवो, गाडीची पूजा केली बरं का मी. खालचा एक बोल्ट तसाच राह्यला होता, त्यालाबी विभूती लावली."

पाना घ्यायच्या आधीच हाक आली होती, हे शिवमूर्तीला आता आठवलं. त्यानं फोन लावला. चंद्रभान गाडी चालवताना फोन घेत नाही. एरवी याच गुणाचं शिवमूर्तीला कोण कौतुक! त्यानं पाना खिशात कोंबला आणि मोटारसायकलला किक मारली.

झरीच्या रस्त्याला ऊस भरलेले ट्रॅक्टर, समोरून एसटी. दर वळणाला त्याला वाटे, पुढे गर्दी दिसणार, रस्त्यात काचा पडलेल्या असणार. म्हातारीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. देवाचं नावसुद्धा त्याला धड आठवेना.

झरीच्या अलीकडे एका हॉटेलासमोर गाडी उभी दिसली. चंद्रभान बाहेर चहा पीत होता, पार्वतीबाई मागच्या सीटवर बसून होती. "मिस्त्री! लोण्यावानी फिरायलंय बघा स्टेरिंग!"

शिवमूर्ती थेट गाडीखाली शिरला. बोल्ट दोन बोटांनी फिरला. गाडी अजून थोडं अंतर गेली असती, तर जोड सुटला असता. त्यानं तो जीव लावून आवळला, पुन्हा आवळला, मग सगळे बोल्ट एकेक करून पान्यानं तपासले.

बाहेर आल्यावर 'सहज बघितलं' म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"बोल्ट ढिला होता," तो म्हणाला. "चूक माझी हाय. पाना लावून न बघता किल्ली दिली."

चंद्रभानच्या हातातला चहा तसाच राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "आई, खाली उतर. तू एसटीनं ये."

शिवमूर्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांचं नाव त्या एका वाक्यात गेलं. त्यानं पुढचं दार उघडलं आणि चंद्रभानच्या शेजारी जाऊन बसला. "चालवा. झरीपतुर मी बसतो."

पार्वतीबाईनं उतरायला टेकवलेला पाय परत आत घेतला. "त्यो बसायलाय न्हवं? मग मी कशाला उतरू?"

चंद्रभाननं गाडी सुरू केली. शिवमूर्ती रडत होता आणि रडता रडता सारखा स्टेरिंगच्या चाकाकडे बघत होता.