नाकोबाची पूजा

लघवीच्या बाटल्या गोळा करणाऱ्या बाईकडे सांगण्यासारखं असणार तरी काय, असं वाटतंय ना तुम्हाला? अहो, आमच्या लॅबमध्ये बाटल्या रोज रिकाम्या होतात, किस्से मात्र साचतच जातात!

नाशिकच्या आमच्या हॉस्पिटलात एक मशीन आलंय. ते लघवीचा वास घेतं आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका आली तर सांगतं. अजून प्रयोगच चालू आहेत. "हे फक्त इशारा देतं, निदान नाही," असं आमच्या डॉक्टर मॅडम प्रत्येकाला बजावतात. आम्ही त्याला नाकोबा म्हणतो.

* * *

नाकोबा भारी नाजूक! मी गजरा माळून आले की मॅडम दारातच हात पुढे करतात, "मंगलताई, गजरा इकडे!" डब्यात लसणाची चटणी असली तर डबा थेट गच्चीवर जाऊन उघडायचा.

माझे मिस्टर म्हणाले, "माझ्या आईनेही तुला एवढं धाकात ठेवलं नव्हतं!"

* * *

देवळाली कॅम्पातले एक रिटायर्ड सुभेदार घरूनच सँपल घेऊन आले. तेही रमच्या बाटलीत!

"घासून धुतलीय हो ताई!"

मी झाकण उघडलं. "सुभेदारसाहेब, मलाच चढतेय, नाकोबाचं काय होईल?"

लाजले बिचारे, आणि आमची डबी घेऊन आत गेले. तेव्हापासून नियम झाला, घरची बाटली चालणार नाही.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीनांची पूजा होते. नाकोबाचं पहिलंच वर्ष. मॅडमनी स्वतः झेंडूचा हार घातला, मोगऱ्याची अगरबत्ती ओवाळली. मग सँपल लावली, तर सगळीच संशयित! शेवटी मॅडमनी साधं पाणी लावून पाहिलं. पाणीही संशयित!

हसून हसून पुरेवाट झाली. पण त्यातच माझ्या थोरल्या भावाचं सँपल होतं.

दादा दिंडोरीला द्राक्षं पिकवतो. रात्री लघवीला सारखा उठायचा, पण "डॉक्टर बोट घालून बघतात म्हणे, आपल्याला नाय जमायचं" म्हणून तपासणी टाळत होता. मशीन नुसता वास घेतं म्हटल्यावर कसाबसा आला होता. पाण्याची गंमत ऐकली आणि उठलाच.

"पाण्यालाबी आजारी म्हणतं तुझं मशीन! माझी छाटणी चालू हाय, चाललो मी."

त्यानंतर माझा फोनच घेईना.

* * *

रविवारी मी थेट त्याच्या बागेत गेले. दादाचं नाक गावात प्रसिद्ध आहे. वेलीवर भुरीची बुरशी दिसायच्या आधी त्याला तिचा वास येतो.

मी विचारलं, "दादा, औषध फवारतोस त्या दिवशी येतो का रे भुरीचा वास?"

"येडी का काय! त्या दिवशी नाकात नुसतं औषध बसलेलं असतं."

"मग आमच्या मशीनच्या नाकात अगरबत्ती बसली होती!"

दादाने कात्री खाली ठेवली.

शेजारच्या ओळीतून वहिनी म्हणाली, "सापडलात ना? आता चला!"

* * *

या वेळी पाणी चांगलं निघालं. दादा नाही.

मग रक्त, एमआरआय, तुकडा काढून तपासणी. कॅन्सरच होता. पण ग्रंथीच्या बाहेर पडलेला नव्हता. ऑपरेशन झालं. "गावात कळता कामा नये," अशी दादाची तंबी, म्हणून वहिनीने सगळ्यांना हर्निया सांगितला.

ऑपरेशननंतरचे रिपोर्ट आले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काका, सगळं निघालंय. वेळेत आलात!"

दादाने डोळे पुसले. नाकोबापुढे जाऊन हात जोडले आणि खिशात हात घातला. मी धावले. अगरबत्तीचा पुडा!

तो मी काढून घेतला, तसा दादा हसला. "बरं, ऱ्हाऊ दे. पण आज गावात खरं काय ते सांगतो. बघू कोण हसतंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी द्राक्षाची पिकअप हॉस्पिटलच्या दारात येऊन थांबली. पुढे दादा, मागे दाटीवाटीने बसलेले गावातले म्हातारे, आणि प्रत्येकाच्या हातात घरून भरून आणलेली बाटली.