निशातगंजातली नवी यंत्रणा

किस्से म्हणजे कपाटात कोंबलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. एक हवी म्हणून ओढावी, तर दहा अंगावर येतात! लखनौच्या आमच्या मराठी मंडळींत आरती आटोपली आणि प्रसाद हातात पडला, की कुणीतरी म्हणतंच, "ते तुमच्या शाळेतलं सांगा ना!" मग माझा प्रसाद तसाच राहतो आणि घरी जायला उशीर होतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवऱ्याची रेल्वेत लखनौला बदली झाली आणि मला निशातगंजातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. थर्माकोलचा ज्वालामुखी करून बक्षीस घ्यायचं, हे मला पहिल्यापासून नामंजूर. मुलांनी आपल्याच मोहल्ल्यातला एखादा प्रश्न घ्यावा, स्वतः मोजावं, तपासावं आणि जे निघेल ते सांगावं, असं मला वाटायचं. आमचे प्रिन्सिपल त्रिपाठी सर. त्यांनी सायकल स्टँडमागची एक खोली दिली, पण अट घालून.

"मैडम, कमरा आपका। मगर मोहल्ले से शिकायतें आने लगीं, तो कमरा स्कूल का।"

खोली कसली, अडगळच होती. पण त्या परक्या गावात 'माझं' म्हणावं असं मला मिळालेलं ते पहिलं काहीतरी होतं. ती जाऊ नये म्हणून मी काय वाट्टेल ते केलं असतं.

* * *

तक्रारींची सुरुवात माझ्याच हिंदीने केली. फळ्यावर मोठ्या झोकात नोटीस लिहिली, "हर शनिवार, छुट्टी के बाद, बच्चों के लिए नई यंत्रणा।"

आपल्या मराठीत यंत्रणा म्हणजे व्यवस्था. हिंदीत यंत्रणा म्हणजे छळ! मला काय ठाऊक?

सोमवारी एका मुलाचे वडील आले. लखनवी माणूस, आवाज चढवणार नाही. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि अगदी अदबीने म्हणाले,

"मैडम, पुरानीवाली में क्या कमी थी?"

त्रिपाठी सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते, म्हणून ती तक्रार धरली गेली नाही.

* * *

पहिला प्रकल्प डासांचा. सातवीतला मनोज, गोल चेहऱ्याचा आणि भलताच गंभीर. तो चार पोरं घेऊन घरोघरी गेला. प्रश्न साधा होता, "आपके यहाँ मच्छर हैं?"

आता लखनौमध्ये पाहुण्यासमोर 'आमच्याकडे डास आहेत' असं कोण कबूल करणार? जो तो कानाला हात लावून शेजाऱ्याकडे बोट दाखवी. "हमारे यहाँ? तौबा! बगलवालों के यहाँ होंगे।"

शनिवारी मनोजने सगळ्यांसमोर निष्कर्ष वाचला. "हमारे मोहल्ले में मच्छर केवल बगल के घर में पाए जाते हैं।"

मी हसून हसून खुर्चीत बसले. पोरगं मात्र हसलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने प्रश्नच फिरवला, "आपके बगलवालों के यहाँ मच्छर हैं?" झाली की माहिती गोळा! कुठल्या घरात उघडं टाकं आहे, कुणाच्या कूलरमधलं पाणी होळीपासून बदललेलं नाही, सगळं! फक्त कोणी कोणाबद्दल काय सांगितलं, हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं आणि दोन बायका भांडत थेट ऑफिसात आल्या. सर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "कमरा याद है न, मैडम?"

* * *

उन्हाळ्यात आम्ही बिनभांडणाचा विषय घेतला. कुठल्या सुरईत पाणी जास्त गार होतं? तीन प्रकारच्या मातीच्या तीन सुरया शाळेच्या भिंतीवर मांडल्या. तासाभराने थर्मामीटर घेऊन जावं, तर तिन्ही रिकाम्या! लखनौचं ऊन, रस्त्यावरची भिंत, लोक प्रयोग पिऊन गेले!

पोरांनी पाटी लावली, "यह पानी प्रयोग के लिए है। कृपया न पिएँ।"

दुसऱ्या दिवशीही सुरया कोरड्या. पाटीखाली खडूने कुणीतरी लिहून गेलं होतं, "प्रयोग सफल रहा। बीचवाली सबसे ठंडी है।"

नंतर सुरया आत नेऊन आम्ही रीतसर मोजलं. मधलीच निघाली!

* * *

मग आली जरीना. आठवीतली, लांब वेणीची, हातात पुरावा असल्याशिवाय काही न मानणारी. तिने आणखी नऊ पोरी जमवून कपड्याच्या पक्क्या रंगाचा प्रकल्प घेतला. आम्ही रिक्षाने अमीनाबादच्या कापडबाजारात गेलो, चिंध्या गोळा केल्या. एक दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "बिटिया, दुनिया इधर की उधर हो जाए, यह रंग नहीं जाएगा।"

पोरींनी चिंध्या गरम पाण्यात सोडा घालून खळखळा धुतल्या. पाणी हिरवं झालं, कापड पांढरं पडलं आणि दहाही पोरींचे हात कोपरापर्यंत पोपटी! साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. रंग हलेना.

जरीना हात निरखत म्हणाली, "मैडम, रंग तो वाकई पक्का है। बस, कपड़े पर नहीं है।"

दोन दिवसांनी तिच्या खालाजानचं, म्हणजे मावशीचं, लग्न होतं. बाकीच्यांच्या आयांनाही काही ना काही कारण होतंच. सगळ्या मिळून आल्या. दुपारी सरांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या दिवशी मी घरी येऊन खरंच रडले. लखनौत येऊन हिंदीच बोलू लागलेला माझा मुलगा म्हणाला, "अरे मम्मी, कमरा ही तो है।" त्याला काय सांगणार?

* * *

सरांनी एकच संधी ठेवली होती. शिक्षण खात्यातले एक साहेब शाळा बघायला येणार होते. "उनके सामने बच्चों ने नाक रख ली तो चाबी आपकी। वरना वहाँ टूटी बेंचें जाएँगी।"

व्हरांड्यात टेबलं मांडली. जरीनाने दुधाची भेसळ घेतली होती. मोहल्ल्यातून दुधाचे नमुने आणून बाटल्यांवर फक्त क, ख, ग लिहिलं होतं. कुठलं दूध कुणाचं, ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. निकालात कुणाची भीड पडू नये, हे मीच शिकवलेलं.

साहेब हातात चहाचा कप घेऊन आले. जरीनाने 'क'मध्ये दूध तपासायची काचेची नळी सोडली. ती छान वर तरंगली.

"दूध में पानी हो तो यह नीचे बैठ जाती है," ती म्हणाली. "यह ख़ालिस है।"

"वाह! किसका है?" सरांनी विचारलं.

"आपकी भैंस का, सर। आपकी अम्माजी ने हमारे सामने दुहवाया था।"

सरांच्या घरी म्हैस होती आणि तिचं शाळेत फार कौतुक. आमच्या स्टाफरूमच्या चहालाही तिचंच दूध यायचं. सरांनी साहेबांकडे पाहिलं. मिशीतल्या मिशीत हसले. मला वाटलं, खोली मिळाली!

तेवढ्यात साहेबांनी स्वतःच नळी उचलून 'ग'मध्ये टाकली. ती थेट तळाला गेली.

"तौबा! और यह किस बेईमान का है?" सर गरजले.

जरीनाने माझ्याकडे पाहिलं. मला तिच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. मी डोळ्यांनी 'नको' म्हटलं असावं. पण ती कसली ऐकते!

"सर, यह भी आपकी ही भैंस का है। स्टाफरूम के पतीले से लिया था।"

साहेबांनी कप हळूच टेबलावर ठेवला. सर त्या दोन बाटल्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, माझ्याकडे न देता जरीनाच्या हातावर ठेवली आणि म्हणाले,

"बिटिया, चाबी आप ही रखिए। मेरे घर से स्कूल तक आते-आते जाने यह भी कितनी पतली हो जाए!"