परतीच्या घरचं दही

माझी बायको पद्मा कुणालाही दह्याशिवाय घराबाहेर पडू देत नाही. परीक्षा असो, मुलाखत असो, प्रवास असो, तळहातावर चमचाभर दही आलंच. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. झाशी, गोरखपूर, इज्जतनगर आणि शेवटी हे लखनौ. पण तिच्या दह्याला एक नियम आहे, सांगलीहून आईकडून घेऊन आलेला. ज्या घरी परत यायचं, त्याच घरातून दही द्यायचं. बदली झाली की क्वार्टर सोडताना नुसती साखर. गोरखपूर सोडताना मी मुद्दाम हात पुढे करून दही मागितलं होतं.

"या गळक्या छपराखाली परत यायचंय का तुम्हाला?" असं म्हणून तिनं हातावर साखर टेकवली.

अशा बाईनं परदेशात जाऊन घोळ केला.

आमची सून चेतना इथल्या एका संशोधन संस्थेत आहे. ती, मुलगा निनाद आणि नात सृष्टी दोन वर्षं नेदरलँड्समधल्या एका छोट्या गावात होते. शेवटचे दोन महिने आवराआवरीला आम्हीही गेलो. निघायच्या आठवड्यात चेतनाच्या तिथल्या प्रोफेसरबाईंनी तिला कायमची जागा देऊ केली. निनादचं काम काय, लॅपटॉप घेऊन कुठेही बसून होतं. "आधी घरी जाऊ, मग कळवते," चेतना म्हणाली. तेव्हापासून पद्माच्या जिवाला थारा नव्हता. लखनौच्या तेलीबागमधल्या आमच्या घरात ही तिघं पुन्हा राहणार, की जेवणाच्या मोठ्या टेबलाशी आम्ही दोघंच जेवणार, एवढाच तो प्रश्न होता.

निघायच्या सकाळी फ्रिजमध्ये अर्धा डबा दही उरलं होतं. टाकून देणं पद्माच्या जिवावर आलं. दारात उभं राहून तिनं सगळ्यांच्या हातावर एकेक चमचा ठेवला. समोरची म्हातारी निरोप द्यायला आली होती, तिच्याही. ती बिचारी किती तरी वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

टॅक्सीत मला राहवलं नाही. हळूच म्हटलं, "पद्मा, दही कुठल्या घरातून देतात?"

वाटलं होतं, हसेल. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

विमानात ती डोळ्याला डोळा लावेना. त्या देशावर तिचा राग कमी नव्हता. रस्त्यावर माणूस दिसत नाही, कुणाकडे जायचं तर आठवडाभर आधी विचारा, सब्जीला चव नाही, असं दोन महिने ऐकवत होती. आणि आता मध्येच म्हणाली, "सृष्टी एकटी सायकलवरून शाळेत जायची हो. मला एकदाही भीती वाटली नाही." माझंही तसंच. तिथल्या गाड्यांचं वेळापत्रक बघून मला माझ्या नोकरीची लाज वाटली होती, आणि स्टेशनवर गप्पा मारायला माणूस मिळेना म्हणून डोकंही फिरलं होतं. सृष्टी रडून रडून झोपली होती. चेतना खिडकीबाहेर बघत होती, आणि पद्मा चेतनाकडे.

लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरून टॅक्सी केली. सृष्टीनं कानांवर हात ठेवले. "आजी, ये भैया हॉर्न क्यों बजा रहे हैं? सामने तो कोई है ही नहीं."

"आपण आलोय हे सांगतोय," पद्मा म्हणाली.

घरी पोचल्यावर बॅगा तशाच टाकून ती शेजारच्या चंद्रप्रभांकडे विरजण मागायला गेली. रोज दही लागू लागलं. लागायचं फार छान, पण बाईचं चित्त कुठेच लागत नव्हतं. कपाटं उघडायची, बंद करायची, पाच वेळा गॅलरीत जाऊन यायची. चेतना एकदा संस्थेत जाऊन आली. तिनं तिथं जीव लावून वाढवलेली रोपं वाळून गेली होती. "कुणी पाणीच घातलं नाही, आई," एवढंच बोलली. संध्याकाळी नेदरलँड्समधल्या मैत्रिणींचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मात्र आतल्या खोलीतून तिचं खळखळून हसणं ऐकू आलं. पद्मा पोळी लाटता लाटता थांबली. "इथं आल्यापासून आज हसली," मला म्हणाली. तव्यावरची पोळी करपली.

रविवारी जेवताना चेतनानं सांगून टाकलं, "मी त्यांना नकार कळवते. या वयात तुम्हा दोघांना सोडून जाणं मला जमणार नाही. उद्या इथल्या संस्थेत रुजू होते."

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी पुन्हा भात घेतला. निनाद ताटाकडे बघत होता. पद्मा चेतनाकडे बघत होती.

सकाळी चेतना पर्स अडकवून दारात उभी राहिली आणि सवयीनं हात पुढे केला. ओट्यावर वाडगाभर घट्ट दही होतं. पद्मा आत गेली, बाहेर आली आणि तिच्या तळहातावर साखर ठेवली.

चेतना बघतच राहिली. आमच्या घरात येऊन तिला बारा वर्षं झाली, नियम तिला पाठ होता. "आई, दही लावलंय ना?"

"लावलंय. यांना लागतं जेवताना. तुला तिथं दिलंय मी."

"ते चुकून दिलं होतंत तुम्ही."

"हो, चुकूनच. पण दिलं ना?" पद्मानं तिची मूठ मिटवली. "जा. त्या प्रोफेसरबाईंना फोन कर आधी."

चेतना मटकन पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. साखर मुठीतच राहिली.

मला राग आला होता. घर माझंही होतं आणि मला कुणी विचारलं नव्हतं. दुपारपर्यंत मी गॅलरीतच बसून राहिलो. जेवायला बसलो तेव्हा पद्मानं माझ्या भातावर दही वाढलं.

"आंबट झालंय का?" तिनं विचारलं.

"नाही, गोड आहे," मी म्हणालो. "पण आता एवढं लावत जाऊ नकोस. आपल्या दोघांना वाटीभर पुरे."