कमलिनीकाकूंचा शालू आणि दोन मॉनिटर

पिपलानीच्या क्वार्टरांत बातमी पसरली की अबोली टेंबे गुपचूप लग्न उरकतेय, कारण ती बिट्टन मार्केटात शालू घेऊन फिरताना दिसली. बातमी साफ खोटी. शालू शेजारच्या कमलिनीकाकूंचा होता आणि अबोली शोधत होती मॉनिटर.

लग्नांचे व्हिडिओ एडिट करणं हे तिचं काम. जुन्या मॉनिटरने दगा दिला आणि एका नवरीचा मरून शालू फिल्ममध्ये चक्क वांगी रंगाचा झाला. पुन्हा असं झालं, तर सीझनची कामं गेलीच! म्हणून काकूंनी मुलाच्या साखरपुड्याला नेसलेला शालू तिने मागून आणला. त्या साखरपुड्याचं शूटिंगही तिचंच होतं. उसन्या शालूचं ही पोरगी करते तरी काय, या संशयाने काकूही मागोमाग दुकानात हजर.

अबोलीचा दुकानातल्या दिव्यांवरही भरवसा नव्हता. दोन तिने बंद करायला लावले. मग एका चकचकीत मॉनिटरच्या पडद्यावर साखरपुडा लावून शेजारी खरा शालू धरला. पडद्यावरचा शालू टोमॅटोसारखा लाल!

“मॅडम, कलर तो देखो, क्या चमक रहा है!” सेल्समन म्हणाला.

तिने तिच्या बजेटातला दुसरा मॉनिटर लावायला सांगितला. त्यात शालू हातातल्यासारखाच मरून दिसला. तिने तोच बांधायला सांगितला.

काकू हळहळल्या, “अगं, तो चकचकीत सोडून हा फिका कशाला?”

“काकू, त्या चकचकीत पडद्यावर साखरपुड्यातलं तुमचं पांढरं श्रीखंडसुद्धा केशराचं दिसत होतं. तेव्हाच मला संशय आला.”