कय्या कुणाचा

बिड्या वळून झाल्या की सुपाच्या तळाला तंबाखूचा चुरा राहतो. टाकायचा म्हटलं तर टाकवत नाही, ठेवायचा म्हटलं तर शिंका येतात. आमच्या ओसरीवरच्या गोष्टींचं तसंच झालंय. इतकी वर्षं साठल्यात, ढवळल्या की अजून नाकाला झोंबतात.

ओसरीवर आम्ही दोघी बसायचो, मी आणि शेजारची नरसम्मा. तिच्या घरात तेलुगू, माझ्या घरात मराठी, आणि दोघींच्या मध्ये तिचा ट्रान्झिस्टर. तो वाजायचा म्हणून दिवस सरायचा.

*

एकदा त्याची तार तुटली. पेठेतल्या रेडिओवाल्याकडं टाकला. आज या, उद्या या. "पार्ट मुंबईहून यायचाय," म्हणे.

एका दुपारी न सांगता गेलो. दुकानात माणसं कोंडाळं करून क्रिकेट ऐकत बसलेली, आणि मध्ये कोण वाजतोय? नरसम्माचा ट्रान्झिस्टर!

"टेस्टिंग चाललंय, बाई," रेडिओवाला म्हणाला.

नरसम्मानं वाजता वाजताच तो उचलला. "मुंबईचा पार्ट आला की घरी पाठवा. नुसता पार्ट."

घरी येईपर्यंत तार परत सुटली. भल्या माणसानं ती नुसती पिळून ठेवली होती. त्या दिवशी ठरवलं, आपलं आपण करायचं.

*

तारा कथलानं जोडायला विजेवर तापणारा दांडा लागतो, त्याला कय्या म्हणतात. तो घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "घरधन्याला पाठवा."

"घरधनी रेडिओ ऐकत न्हाईत. आमी ऐकतो."

मग त्यानं दुकानातला सगळ्यात दांडगा कय्या काढून दिला. टिकाऊ आहे म्हणाला. मला त्यावरचे आकडे कुठं वाचता येत होते? घेतला. घरी तापवून तारेला लावला, तर तारेवरचं प्लास्टिक वितळून खाली गळलं.

नरसम्मा म्हणाली, "अक्का, ह्यानं म्हस डागायची."

परत गेले. होते तेवढे कय्ये बाहेर काढायला लावले आणि एकेक हातात धरून बघितला, लाटणं निवडतात तसा. दुकानदार हसायला लागला. "मावशी, वांगी नाहीत ती."

"वांगी घ्यायची असती तरी तुमच्यावर सोडली नसती," म्हणलं, आणि हलक्यातला हलका उचलला.

*

नुसतं कथील तारेला धरत नाही, आधी काहीतरी लावावं लागतं. ही अक्कल आमच्या मालकांची. मालक मिलात फिटर. कल्हईवाल्याकडून नवसागर घेऊन आले. "भांड्याला चालतंय ते तारेला का चालणार न्हाई?"

कथलाचा डाख तर चकचकीत बसला. थोड्याच दिवसांत तार हिरवी पडली आणि कुजून तुटली. मी कल्हईवाल्याला गल्लीतच गाठलं.

तो बिचारा कानाला हात लावायला लागला. "अम्मा, मेरा काम देगची का. रेडिओकू नक्को लगाव, तुमारे मालिककू बोल्या था मैं."

घरी येऊन मालकांना विचारलं, "त्यानं सांगितलं हुतं?"

"सांगितलं हुतं की. पर त्यो काय फिटर हाय?"

*

मग कळलं, राळ लागते. काष्ठौषधीच्या दुकानात राळ मागितली. त्यानं पुडी बांधून दिली. घरी कय्या टेकवला आणि जो धूर निघाला म्हणता, ऊद, धूप, सगळ्याचा वास! जाब विचारायला गेले तर म्हणतो कसा, "बायामाणसं राळ नेतात ती धुपालाच. म्हणून तयार धूपच दिला."

त्याचं त्यानंच ठरवलं. विचारायचं नाव नाही.

इकडं सासूबाई पाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन येऊन बसल्या होत्या. "आरती कवा हाय?"

"आत्या, रेडिओ जोडायलोय."

"जोडा की. मी बसते."

*

पुढं मला नादच लागला. खरी राळ मिळाली, बारीक कथील मिळालं, हात बसला. गल्लीतले रेडिओ यायला लागले. यायचे ते दारात उभे राहून विचारायचे, "फिटर हायत का?"

मालक रेडिओ दारात घ्यायचे, आत मला आणून द्यायचे, आणि झाला की दारात नेऊन द्यायचे. एकानं विचारलं, "काय झालं हुतं ओ?"

मालक म्हणाले, "आतलं बिघडलं हुतं."

*

खंडेनवमीला मालकांनी पाटावर पाने, हातोडी, पकड मांडली. शेजारी मी माझी बिडीची कातर, विळी आणि कय्या मांडला. मालकांनी कय्या उचलून आपल्या पान्यांच्या रांगेत ठेवला.

"ह्यो माझा हाय," मी म्हणलं.

"बायकांची हत्यारं म्हंजे इळी न कातर."

"वापरतं कोण?"

"पुजेच्या टायमाला भांडू ने," म्हणाले, आणि कय्याला कुंकू लावलं. मी विळी परत स्वयंपाकघरात नेऊन आपटली.

*

मिलातल्या साहेबांचा रेडिओ बिघडला. फिटर रेडिओ करतो हे त्यांच्या कानावर गेलेलं. "घरी ये, माझ्यासमोर कर," म्हणाले. नाही म्हणायची सोय नव्हती. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पिशवी धरायला चल," मला म्हणाले.

साहेबांच्या बंगल्यावर मालक खुर्चीत, मी खाली पिशवीपाशी. मालकांनी ऐटीत कय्या प्लगला लावला. आता तो तापला का, हे बघायचं कसं? राळेला टेकवून धूर बघायचा, हे त्यांना कुठं ठाऊक? तव्यावर पाणी शिंपडतात तसं थुंकीनं बोट ओलं केलं आणि टोकावर टेकवलं. चर्र झालं. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. साहेब समोर होते ना.

तेवढ्यात बाईसाहेब मला म्हणाल्या, "तुम्ही आत या, चहा ठेवलाय."

मी उठले. प्लग काढला, कय्या उचलला, राळ-कथलाची पिशवी घेतली आणि स्वयंपाकघरात गेले. माझं हत्यार, माझ्याबरोबर.

जरा वेळानं मालक रेडिओ घेऊन दारात आले. बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "हितं उजेड बरा हाय."

मी कय्या परत तापत लावला. ओट्याशेजारी प्लग होता. बॅटरीची तार सुटलेली, एका डाखाचं काम. बाईसाहेब चहा ढवळायचं विसरून बघत होत्या.

मालक वाजता रेडिओ घेऊन बाहेर गेले. साहेब खूश.

"हात चांगला आहे रे तुझा, फिटर. बघू बघू."

मालकांनी हात पुढं केला. बोटावर टम्म फोड.

बाईसाहेब आतून तुपाची वाटी घेऊन आल्या. ती वाटी त्यांनी मालकांच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या," म्हणाल्या, "चांगल्या हाताला लावा."