टर्न-अप बाई

मी दहावीला इंग्रजीत नापास झाले, तेव्हा आमचं बिऱ्हाड कागलजवळच्या एका गुऱ्हाळावर होतं. वडील चुलवाणात जाळ घालायचे. आई आणि मी जाळायला उसाची चिपाडं वाळवायचो. एकदा परत बसू द्यायचं, नाही जमलं तर लग्नाचं बघायचं, असं घरात ठरलं होतं.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई संध्याकाळी समाजमंदिरात आम्हा नापासांना इंग्रजी शिकवायच्या. गावात त्यांचं नावच टर्न-अप बाई. नवीन पोर आलं की पहिला शब्द हाच. "टर्न अप म्हंजे येणं. पण निरोप धाडून, नटूनथटून येणं न्हवं. आपण हाय तसं येऊन उभं ऱ्हाणं."

नुसत्या अर्थावर त्या सोडत नसत. प्रत्येकानं घरचं वाक्य करायचं. कुणाचा मामा ऐन जेवणाच्या वेळी टर्न अप व्हायचा, कुणाची हरवलेली शेळी आठवड्यानं. गॅरेजात काम करणाऱ्या संतोषनं एकदा विचारलं, हे पेपराला येतंय का. बाई म्हणाल्या, "पेपराला येऊ दे न्हायतर नको. तू येतोस न्हवं?"

उशीर झाला, पाठ झालं नाही, कपडे मळलेत, यातलं एकही कारण त्यांच्यापुढं चालायचं नाही. मी काजळीच्या हातांनी जायचे. त्या सरकून शेजारी जागा करून द्यायच्या.

पेपरच्या दिवशी सकाळी माझा धीर सुटला. पुन्हा नापास होण्यापेक्षा न गेलेलं बरं, म्हणून मी चिपाडं पसरत बसले. केंद्राच्या फाटकावर मी दिसले नाही, तशी बाईंची स्कूटी थेट गुऱ्हाळावर आली.

"पोरगी भ्यालीया," वडील म्हणाले.

मी सांगितलं, अभ्यास झाला नाही, आंघोळसुद्धा नाही.

"बस मागं," बाई म्हणाल्या. "पेपर तपासणाऱ्याला वास येत न्हाय."

मी बसले. पास झाले, काठावर.

गेल्या थंडीत बाई वारल्या. मी कॉलेजातून तशीच गेले. त्यांच्या दारात संतोष ऑईलच्या हातांनी उभा होता. एक जण दुधाची गाडी रस्त्यातच लावून आलेला. माझे वडील चुलवाणावरून उठून आले होते, अंगावर राख तशीच. कपडे बदलायला कुणी घरी गेलंच नव्हतं.

यंदा मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.